माडाचा पाचवा नारळ

चोराला चोर म्हणायला मला कधी लाज वाटली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी एका बाईचे गोडवे गायला लागलो की म्हातारा नरमला असं कोणी म्हणू नये. म्हातारा नरमलेला नाही. त्याला थोडी अक्कल आली, एवढंच, आणि ती यायला तेवीस वर्षं लागली.

मी कॉनरॅड फर्नांडिस, राहणार मालवण, वय एकोणसत्तर. तुम्ही पंचवीस वर्षांपूर्वी कोकणात लग्नाची पत्रिका, नाटकाचं हँडबिल किंवा बाराव्याचं कार्ड हातात घेतलं असेल, तर तुम्ही माझी अक्षरं वाचली आहेत. पुण्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन, आठ माणसं हाताशी धरून मी मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. त्याचं नाव 'माड'. कॉम्प्युटर चालू करून 'माड' उघडला की पडद्यावर एक हिरवागार माड यायचा, त्याला पाच नारळ आणि खाली बारीक अक्षरांत माझं नाव. पाचच का, तर चित्रात तेवढेच बसले.

प्रत्येक 'माडा'बरोबर आम्ही एक कुलूप द्यायचो. करंगळीएवढा काळा तुकडा, कॉम्प्युटरच्या मागे खोचायचा. तो नसेल तर 'माड' उघडत नसे. शिवाय प्रत्येक कुलपाच्या पोटात त्याचा स्वतःचा एक नंबर होता, आणि त्या कुलपावर टाइप केलेलं काम दुसऱ्या कुलपावर उघडायचं नाही. ही कुलपं मी एका कुलूपवाल्याकडून विकत घ्यायचो. आत काय आहे ते त्याने मला कधी दाखवलं नाही. म्हणाला, "साहेब, फोडायला शंभर वर्षं लागतील." मी मान डोलावली. अक्षराचा काना, मात्रा, वेलांटी माझ्या हातची होती. कुलूप परक्याचं होतं.

शंभर वर्षं कसली! २००१ सालच्या पावसाळ्यात बाजारात बिनकुलपाचा 'माड' फिरायला लागला. माझाच माड, माझंच नाव, फक्त नारळ चार. कोणीतरी एक नारळ काढला होता. माझं डोकं असं काही तापलं की आमच्या ऑफिसातली माणसं आठ दिवस माझ्यासमोर यायला टरकत होती.

आणि लोकांचं काय म्हणणं होतं? लोकांना काही वाटतच नव्हतं! माझा एक शाळासोबती मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला आणि कौतुकाने म्हणाला, "बघ, तुझ्याच सॉफ्टवेअरवर केली, छापखानेवाल्या गुरुदासने फुकट कॉपी दिली." पाठ थोपटावी म्हणून माझ्याकडे बघत उभा! एकदा कोल्हापुरात छापखानेवाल्यांच्या मेळाव्यात मला भाषणाला बोलावलं. मी माइक हातात घेऊन विचारलं, "तुमच्यातल्या किती जणांकडे पाच नारळ आहेत?" दीडशे माणसांत तीन हात वर झाले. बाकीचे हसले. मागून एकजण उठून म्हणाला, "साहेब, राग मानू नका, पण चार नारळवाला जास्त चांगला चालतो. तो मध्येच अडकत नाही." हशा, टाळ्या. मी माइक टेबलावर ठेवला आणि जेवण न घेता स्टँड गाठला.

आंब्याच्या बागेत शिरून कोणी एक आंबा काढला तर ह्याच लोकांनी त्याला झाडाला बांधला असता. पण ज्याने माझं कुलूप काढलं, त्याचं नाव ते आदराने घेत असणार. म्हणजे घेत असतील असं मला वाटायचं, कारण माझ्यासमोर ते नाव कधी निघालंच नाही.

२००४ साली दुकान बंद केलं. आठ माणसं घरी गेली. मी मालवणला परतलो, अंगणात माडाच्या झावळ्यांची सुकी चुडतं पेटवली आणि 'माडा'च्या मूळ प्रोग्रामच्या सगळ्या सीडी त्यात टाकल्या. चोरांच्या हाती काही लागायला नको! माझी बायको अँजेला पदराने नाक दाबून पायरीवर उभी होती. म्हणाली, "कॉन्या, जाळतंस ता जाळ, पण सगळां जाळू नको रे. उद्या तुकाच लागात." बाईचं मी कधी ऐकलंय म्हणून तेव्हा ऐकणार?

आता अँजेलाच्या गाण्यांचं सांगतो. सगळं त्यासाठीच आहे.

आमच्या किरिस्तांव लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी रोस असतो. नारळाचा दाट रस काढायचा, नवरीच्या डोक्यावर, हातापायांवर घालायचा, आणि म्हाताऱ्या बायका भोवती बसून गाणी म्हणतात. आवयची, म्हणजे आईची आठवण, सासरची थट्टा, देवाचं नाव, सगळं त्यात येतं. पुढे रोसाला मोठे स्पीकर आले आणि म्हाताऱ्या गप्प झाल्या. अँजेला मास्तरीण होती. सुट्टी लागली की टेपरेकॉर्डर पिशवीत घालून ती निघायची. मालवण, वेंगुर्ला, पार दोडामार्गपर्यंत घरोघरी म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून तिने गाणी लिहून आणली. अकरा वर्षं. एकशे बासष्ट गाणी. ती सगळी तिने आमच्या पुढच्या खोलीत, पाच नारळवाल्या अस्सल 'माडा'वर टाइप केली.

वह्यांना पावसात वास यायला लागला तेव्हा मीच म्हणालो, "टाकून दे गो. माझ्या सॉफ्टवेअरात आहे ना सगळं! कुलूप आहे त्याला." कॅसेटींना बुरशी आली, त्याही गेल्या. मग सगळं जग युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणाऱ्या अक्षरांवर गेलं. डेलिशा, म्हणजे अँजेलाच्या बहिणीची मुलगी, म्हणाली, "काका, मावशेची गाणी युनिकोडात घाला." मी म्हटलं, युनिकोड ही फॅशन आहे, जाईल. ती काही गेली नाही. गेलं ते माझं कुलूप.

समुद्र आमच्या दारापासून शंभर पावलांवर. खारा वारा लोखंडी गज खातो, तिथे करंगळीएवढ्या कुलपाची काय कथा! दोन पावसाळ्यांपूर्वी एक दिवस अँजेलाने 'माड' उघडला आणि पडद्यावर पाटी आली, 'कुलूप सापडत नाही'. कुलूप काढून बघितलं तर मागच्या पिना हिरव्या होऊन गळून पडलेल्या. फाइल कॉम्प्युटरात होती, पेनड्राइव्हवर होती, सीडीवर होती. तीन ठिकाणी जपून ठेवलेली आणि एकाही ठिकाणी उघडत नव्हती.

अँजेला भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. कॉम्प्युटरवर जुनी उशीची खोळ घातली आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण मला 'कॉन्या' म्हणायची थांबली. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी नुसता 'कॉनरॅड' झालो.

मी काय नाही केलं! कुलूपवाला कधीच धंदा गुंडाळून गेला होता. पुण्यातल्या हुशार मुलांना फाइल पाठवली. एकाने कळवलं, "काका, इतकं जुनं आता कोणी बघत नाही." मूळ प्रोग्राम मी स्वतः चुडतांबरोबर जाळलेला. एस्पेरांसामावशी म्हणून एक म्हातारी होती, साठ-सत्तर गाणी तिला तोंडपाठ. अँजेला पुन्हा तिच्याकडे जायची म्हणत होती, तेवढ्यात तीही गेली. मग मागल्या वर्षी डेलिशाचं लग्न ठरलं, सात जानेवारीचं. सहा तारखेला रोस. पोरगी आमच्या घरी येऊन अँजेलाच्या गळ्यात पडली.

"मावशे, माझ्या रोसाक डीजे नको. तुझी गाणी होयी."

अँजेलाला गाण्यांच्या पहिल्या ओळी आठवत होत्या. पुढे जाऊन ती अडखळायची आणि थांबायची. डेलिशासमोर तिने तीन गाणी अशी अर्धी सोडली. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकत होतो. आत जाऊन काय तोंड दाखवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालवणच्या बाजारात गुरुदासच्या छापखान्यात गेलो. हा तोच, फुकट कॉपी वाटणारा. वीस वर्षं मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. त्याला विचारलं, कोणाकडे जुनं पाच नारळवालं कुलूप शिल्लक आहे का, फोडून आत काय आहे ते बघावं म्हणतो. गुरुदास पत्रिकांना सोनेरी दोरा लावत होता. फाइलची हकीकत ऐकून त्याचा हात थांबला.

"सायबानु, कुलूप कित्याक शोधतास? नारळ काढणारीकडेच जावा मां."

"नारळ काढणारी?"

गुरुदासने जीभ चावली. पण तोंडातून गेलं ते गेलं.

"नांदगावची शेवंतीबाय. हायवेक तिचो छापखानो आसा. सगळ्या जिल्ह्याक म्हायत. तुमकाच तेवढां कोणी सांगूक नाय."

"तेवीस वर्षं?"

"तुमका सांगितला असता तर ती जेलात गेली असती," गुरुदास म्हणाला. "आणि आमची मशिना कोणी दुरुस्त केली असती?"

म्हणजे बघा! अख्ख्या जिल्ह्याने माझ्या नाकासमोर तेवीस वर्षं एक बाई लपवून ठेवली होती. ती बाई असेल हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी मुंबईतला कोणी इंजिनियर, पुण्यातला कोणी फितूर माणूस, असे संशय घेत म्हातारा झालो होतो.

घरी येऊन अँजेलाला सांगितलं. तिने हातातली सुरी खाली ठेवली, साडी बदलली आणि म्हणाली, "चल."

"मी तिला चार शब्द सुनावणार आहे हं," मी म्हणालो.

"आधी माझी गाणी. मगे तुझे शब्द."

कणकवलीला बस बदलून आम्ही नांदगावला उतरलो. हायवेच्या पुलाखाली, टायरच्या दुकानाला लागून पत्र्याचा छापखाना. आत पंचावन्नच्या आसपासची बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोटांना शाई. मी नाव सांगितलं. ती उठून उभी राहिली. घाबरली असेल असं मला वाटलं. घाबरली वगैरे काही नव्हती. तिने अँजेलाला खुर्ची दिली, मला स्टूल दिलं आणि अगदी कचेरीतल्या मराठीत विचारलं, "बोला, काय काम होतं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अँजेलाने माझ्या मांडीवर चिमटा काढला आणि पेनड्राइव्ह पुढे केला. सगळं तिनेच सांगितलं. गाणी, वह्या, गंजलेलं कुलूप, सहा तारखेचा रोस. शेवंतीबाईने सगळं ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातल्या एका जुनाट कॉम्प्युटरवरचं फडकं तिने बाजूला केलं. चालू झाल्यावर पडद्यावर माड आला. चार नारळ. आणि खाली माझं नाव, जसंच्या तसं.

"ह्या फाइलला तिच्या कुलपाचा नंबर हवा," ती म्हणाली. "तुमच्याकडे आहे?"

"कुलूपवाल्याने मलासुद्धा सांगितला नव्हता," मी म्हणालो. "ते आकडे कोटींमध्ये आहेत. शोधत बसलात तर शंभर वर्षं जातील."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्हाला कुलूपवाल्याने फसवलं. नंबर फक्त पासष्ट हजार पाचशे छत्तीस आहेत. लोक नंबर विचारत बसतात. मी एकपासून सुरुवात केली होती."

तिने एक छोटा प्रोग्राम सुरू केला. त्याचं नाव तिने 'किल्ली' ठेवलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे पळायला लागले. शंभर, हजार, सात हजार. एकेक नंबर लावून बघायचा, फाइलमध्ये मराठी उमटतं का ते तपासायचं, नाही तर पुढचा. इतकं सोपं. इतकं सोपं, की मला, 'माडा'च्या बापाला, ते कधी सुचलं नाही, कारण शंभर वर्षांचा तो आकडा मी डोळे मिटून मानला होता. वीस हजार गेले. तीस हजार. अँजेलाने गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता. मी देवाला सांगितलं, बाबा, माझ्यावर खुन्नस असेल तर ती दुसऱ्या कशात काढ, ह्या बाईची गाणी दे.

एकेचाळीस हजारांच्या पुढे आकडा थांबला.

पडद्यावर अक्षरं आली. माझी अक्षरं. वळणदार वेलांटी, पोट भरलेला 'ळ', सगळी माझी पोरं. अँजेला उठून पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचं नाक काचेला लागायचं बाकी होतं. आधी ती वाचत होती, मग वाचता वाचता आई-लेकीचं गाणं गायला लागली.

"नारळ फोडलो, रोस काडलो, आवयचो हात पयलो गो,
 चेडवाच्या माथ्यार धवी धार, दोळ्यांत तिच्या दर्यो गो…"

टायरच्या दुकानातला माणूस दारात येऊन उभा राहिला. अँजेलाने चारही कडवी न अडखळता म्हटली, आणि खुर्चीत बसून रडायला लागली. बायकोला रडताना बघून माझाही बांध फुटला. लाज कसली त्यात?

शेवंतीबाई तिच्या पाठीवर हात फिरवत होती. तिची कचेरीतली मराठी कुठल्या कुठे पळाली होती. "बाये, रडां नको गो. आमच्याकडे हळदीक असांच म्हणतत. चाल पण तीच."

मी डोळे पुसले आणि खिशात हात घातला. "किती द्यायचे?"

आता वाटतं, तो हात खिशात घालण्याआधीच तुटून पडायला हवा होता. शेवंतीबाईने कपाटातून एक फाइल काढली आणि त्यातला एक कागद माझ्यासमोर धरला. माझ्या कंपनीचं लेटरहेड. माझी सही. तारीख १९ एप्रिल २००१.

'आपल्यासारखे ग्राहक कुलूप बिघडल्याचा बहाणा करून दुसरे कुलूप उकळतात, हे आम्ही पुरते ओळखून आहोत. पुन्हा पत्र पाठवल्यास पोलिसात तक्रार करण्यात येईल.'

"मी 'माड' इकत घेतलेलो," ती म्हणाली. "पाच नारळांचो. बापाशीन छापखानो माझ्या हातात दिल्यान, तेच्यानंतरचो पयलो एप्रिल. बत्तीस लग्नांच्यो पत्रिका टाइप करून ठेवलेलंय. वीज कमीजास्त झाली आणि कुलूप जळला. तुमका तीन पत्रां घातलंय. तिसऱ्या पत्रावांगडा जळलेला कुलूप पण पाठवलंय."

मला ते पार्सल आठवलं. एका पत्र्याच्या डब्यात मी असली पार्सलं न उघडता टाकत असे. सगळे खोटारडे, असं समजून.

"मग काय केलंत?"

"लोक दारात उभे. बत्तीस घरांची लग्नां. मी बारावी शिकलेली. कणकवलीच्या लायब्ररीतसून इंग्लिश पुस्तक आणलंय, एका हातात डिक्शनरी. तुमचो प्रोग्राम एकेक पाऊल चालवन बघितलंय, कुलपाक तो काय इचारता, कुलूप काय सांगता. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी पयली पत्रिका उघडली. एक लगीन चुकाक नाय."

मी प्रोग्राम लिहिणारा माणूस. एकोणीस दिवस म्हणजे काय, ते मला विचारा. आत काय लिहिलंय ते दिसत नाही, नुसते आकडे सरकत जातात, त्यातून अर्थ काढायचा. माझ्या आठ पगारी माणसांतल्या एकालाही ते जमलं नसतं. मलासुद्धा नाही. आणि ही बारावी शिकलेली बाई डिक्शनरी मांडीवर घेऊन बसली होती! मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला, की जणू माझीच लेक बोर्डात आली.

"आणि ते मध्येच अडकणं?" मला कोल्हापूर आठवलं. "चार नारळवाला अडकत नाही म्हणतात, ते कसं?"

ती जराशी लाजली. "तुमची एक चूक होती थंय. शंभर पानां झाली की पयलां पान मेमरीतसून सोडूचा ता सोडी नाय. ता पण सरळ केलंय."

ती चूक मी तीन वर्षं शोधत होतो.

"पण नारळ कित्याक काढलात?" हे मी मालवणीतच विचारलं. आता कसली कचेरीतली मराठी!

"राग इलेलो. तुमका कळाक होयां होतां, कोण तरी माडार चढलां."

"आणि मग जगभर वाटलात."

"जेचां कुलूप जळला तेका दिलंय. मगे तेनां दुसऱ्याक दिल्यान. मी कोणाक इकूक नाय."

मी गप्प राहणार नव्हतोच. "शेवंतीबाय, तरी चोरी ती चोरीच हां. आठ माणसं होती माझ्याकडे. सगळी घरी गेली."

तिने हातातला कागद परत फाइलमध्ये लावला. "चोरीच. मी खंय नाय म्हणतंय? आठ माणसांचा माका म्हायत नव्हतां. मी एकट्या तुमच्यावरच रागावलेलंय." मग तिने मान वर केली. "पैशे नको. माझ्या पत्राक उत्तर द्या. तिसऱ्या."

तिने मला तिच्या खुर्चीत बसवलं. समोर चार नारळांचा माड. वीस वर्षांनी मी 'माडा'वर टाइप करत होतो, आणि तोही चोरीचा. बोटं कळफलकावर ठेवली आणि काही सुचेना. शिव्या देणारं पत्र मला पाच मिनिटांत लिहिता येतं. अँजेला बाजूला उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर 'आता बघूया' असं स्वच्छ लिहिलेलं. शेवटी लिहिलं ते एवढंच:

'शेवंतीबाई, आपले तिसरे पत्र मिळाले होते. कुलपाचे पार्सलही मिळाले होते. मी ते उघडले नाही. आपले कुलूप खरोखर जळले होते आणि आपण खरे बोलत होता. मी विश्वास ठेवायला हवा होता. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. कॉनरॅड फर्नांडिस.'

तिने ते छापून काढलं, माझी सही घेतली, दोनदा वाचलं आणि फाइलमध्ये जुन्या पत्राच्या वर लावलं. मग म्हणाली, "गाणी युनिकोडात घालून देतंय हां. आता कुलूप नाय."

"घाला," मी म्हणालो. "ती फॅशन काय जाणारी नाही."

परतीच्या बसमध्ये अँजेला खिडकीशी बसून गाणी गुणगुणत होती. कसाल गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"कॉन्या, क्षमा तू पयल्यांदाच मागलंस रे. चाळीस वर्षांत माझी पण मागूक नाय."

"तुझी पण मागतो."

"बसमध्ये नको. घरी जाऊन माग. सावकाश."

सहा जानेवारीला डेलिशाचा रोस झाला. गुरुदासने गाण्यांची पुस्तकं फुकट छापून दिली, ह्या खेपेला त्याच्या फुकटावर मी काही बोललो नाही. अंगणात चाळीसेक बायका हातात पुस्तक घेऊन बसल्या होत्या. नारळ खोवून, रस काढून, पातेलं भरून ठेवलेलं. अँजेला सुरुवात करणार तेवढ्यात फाटकाशी शेवंतीबाई दिसली. जांभळी साडी, गळ्यात चष्मा, हातात कापडी पिशवी. माझे मेहुणे कानात कुजबुजले, "ही कोण?" मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझा नारळ काढला तो हिने. आपल्या जिल्ह्यात हिच्याइतकी हुशार बाई नाही." पाहुण्यांत हशा पिकला. अर्ध्या लोकांना आधीपासूनच माहीत होतं, लबाड कुठले!

शेवंतीबाई हसली नाही. ती सरळ माझ्यासमोर आली, पिशवीत हात घातला आणि एक सोललेला नारळ काढून माझ्या हातात ठेवला.

"ह्यो तुमचो," ती म्हणाली. "तेवीस वर्षां माझ्याकडे होतो."

  दोन्ही हातांत नारळ धरून मी पोरासारखा उभा राहिलो.

"कॉन्या, बघत काय रवलंस?" अँजेला ओरडली. "भरलेला पातेला ठेव बाजूक. आधी तो फोड!"

मी तो पायरीवर फोडला. शेवंतीबाईने स्वतः बसून तो खोवला, वाटला, पिळला. वाटीभर रस निघाला, चांगला दाट. अँजेलाने पहिलं कडवं उचललं, बायकांनी तिच्यामागे सूर धरला, आणि डेलिशाच्या डोक्यावर पहिली धार त्या वाटीतली पडली.